मनाच्या आजाऱ्याला दार कोण उघडणार?

‘वेड’ हा शब्द आम्हां वारकऱ्यांच्या मोठ्या आवडीचा. अमक्याला विठ्ठलाचे वेड लागले असे कानी आले की आमचा ऊर भरून येतो. पण शेजारचा मुलगा रात्र रात्र जागू लागला, कुणी बोलत नसता आवाज ऐकून उत्तरे देऊ लागला, की ‘येडं झालंय पोरगं’ म्हणून आम्ही दार लावून घेतो. एक वेड डोक्यावर घ्यायचे आणि दुसरे उंबऱ्याबाहेर ठेवायचे, हा न्याय कुठला?

यात प्रथम एक भेद नीट ध्यानी घ्यावा. भक्ताचे वेड हे प्रेमाचे नाव आहे, तो आजार नव्हे. आणि स्किझोफ्रेनिया किंवा द्विध्रुवी विकार हे आजारच आहेत. ती भक्ती नव्हे, पूर्वजन्मीचे पाप नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. त्यांना औषध लागते, आणि औषधाच्या जोडीला मनातले बोलून घेणारा जाणता माणूसही लागतो.

असा माणूस मिळणे मात्र कठीण. साधे दुःख असेल तर समुपदेशक ऐकून घेतो. पण आजाराचे नाव सांगितले की म्हणतो, ‘हे आमच्याकडचे काम नव्हे, मोठ्या दवाखान्यात जा.’ मोठ्या दवाखान्यात डॉक्टर असतात, पण बाहेर रांग लागलेली. गोळ्या लिहून मिळतात, बोलायला वेळ उरत नाही. खाजगीत तासावर फी, आणि ती दर आठवड्याला कुठून आणायची? महाराष्ट्रात सरकारची मोठी मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे. खेड्यातल्या माणसाचा एक दिवस एस.टी.तच जायचा. २०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने देशातील १२ राज्यांत पाहणी केली. तीत असे दिसले की गंभीर मानसिक आजाराच्या चार माणसांपैकी जवळजवळ तिघे उपचारावाचून आहेत. म्हणजे ज्याचे दुखणे सर्वांत जड, त्यालाच दारे सर्वांत कमी.

आता धर्माचा प्रश्न येतो. ‘हे मला झेपत नाही’ म्हणणारा समुपदेशक दोषी काय? आमच्या मते नाही. जे येत नाही ते येते म्हणणे हाच अधर्म. खोल पाण्यात पोहता न येणाऱ्याने उडी घेतली तर दोघेही बुडायचे. पण नाही म्हणणे वेगळे आणि दार लावणे वेगळे. पुढचे दार कोणते, तिथे कुणाला भेटावे, तोवर काय करावे, एवढे सांगितल्यावाचून जो परत पाठवतो, त्याचे कर्तव्य अपुरे राहिले. आजाऱ्याला तीनदा असे परत पाठवले की चौथ्या दारी जायचे त्याचे बळच सरते.

कोणी म्हणेल, नाम असता वैद्य कशाला? अहो, वारीत पायाला फोड आला तर आपण नाम सोडत नाही, आणि मलमही सोडत नाही. मग मनाच्या फोडालाच मलम का नको? गोळ्या बंद करून नुसता जप कर, असे आजाऱ्याला सांगणारा त्याच्या जिवाशी खेळतो. नाम धीर देते. औषध आजार आवरते. दोन्ही चालू द्यावीत. लिथियमची गोळी घेणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज निर्जळी एकादशी मुळीच करू नये. पाणी कमी पडले तर ती गोळी अंगावर उलटते.

चोखोबांची समाधी पंढरीच्या महाद्वारी आहे. आत जाण्याची मुभा नसलेल्या भक्ताची ती खूण आपण रोज पाहतो. तेच दार सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केले. बंद दाराचे दुःख ज्या पंथाने इतके जवळून पाहिले, त्याने मनाच्या आजाऱ्याला बाहेर ठेवू नये.

मग आपण काय करावे? उपचार करणे आपले काम नव्हे, सोबत करणे आपले काम आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी खर्चाच्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि आजाऱ्याला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. टेलिमानस ही सरकारची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून आहे. तिला पैसे पडत नाहीत. हा क्रमांक मठाच्या भिंतीवर लिहावा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय कोणत्या वारी असते, हे गावातल्या एकाने तरी विचारून ठेवावे. आजाऱ्याबरोबर आई एकटीच जात असेल तर एकाने सोबत जावे, रांगेत उभे राहावे, गोळ्यांची नावे कागदावर उतरून घ्यावीत. पहिल्या जाणत्या माणसाशी सूर जमला नाही तर ‘तुझेच चुकते’ न म्हणता दुसरा शोधू लागावे.

दिंडीत मागे पडलेल्यासाठी कोणी तरी थांबतोच. तो त्याला बरा करीत नाही, पण एकटा सोडीत नाही. तेवढे तरी आपल्या हातचे आहे. रामकृष्णहरि.