सरमेचे पिल्लू आणि वळण लावण्याचा अधिकार

दत्तक घेतलेल्या कुत्र्याच्या पिल्लाला वळण लावणे हा धर्मविचाराचाही प्रश्न आहे, कारण ज्याला घराचे नियम अद्याप कळलेलेच नाहीत, त्याला ते मोडल्याबद्दल दंड करण्याचा अधिकार माणसाला कोठून मिळतो, हे आधी ठरवावे लागते. महाभारताच्या आदिपर्वात, कुरुक्षेत्री जनमेजय राजाचे सत्र, म्हणजे दीर्घकाळ चालणारा यज्ञ, सुरू असताना त्याच्या भावांनी तेथे आलेल्या कुत्र्याच्या पिल्लाला मारहाण केली. त्याने हवी, म्हणजे आहुतीचे द्रव्य, चाटणे दूरच, पाहिलेही नव्हते, म्हणून त्याच्या आईने, सरमा या देवांच्या कुत्रीने, जनमेजयाला अदृष्ट भयाचा शाप दिला. हा शाप विलक्षण न्याय्य वाटतो: कारण न उमगता कोसळणारे भय हेच त्या पिल्लाच्या वाट्याला आले होते.

नव्या घरात जमिनीवर लघवी करून बराच वेळ गेल्यावर मार खाणाऱ्या पिल्लाची स्थिती याहून वेगळी नसते, कारण कृती आणि परिणाम यांचा संबंध दोन्ही लागोपाठ घडले तरच त्याला जोडता येतो. उलट झोपेनंतर आणि खाण्यानंतर त्याला बाहेर नेले व तेथेच लगेच खाऊ दिला, तर ते नियम हळूहळू ओळखू लागते. महाभारताच्याच महाप्रस्थानिकपर्वात युधिष्ठिर सोबतच्या कुत्र्यासाठी स्वर्गही नाकारतो, आणि ही वृत्ती आनृशंस्य, म्हणजे क्रौर्याचा लेश नसलेली अनुकंपा, म्हणून ओळखली जाते; मात्र ते कुत्रे आपण होऊन मागे आले होते, तर दत्तक पिल्लाला कोणीतरी निवडून, त्याच्या भावंडांपासून तोडून आणलेले असते.