तंतू, पट आणि इन्स्टॉलर

प्रोग्रामच्या सगळ्या फाइली, त्या कुठे ठेवायच्या याच्या सूचना आणि त्या सूचना अमलात आणणारा छोटासा प्रोग्राम, एवढे सगळे एका फाइलीत बांधले की इन्स्टॉलर होतो. तो बांधण्याआधी पर्याय ठरवावे लागतात: ३२ बिट की ६४ बिट, डीबगची माहिती ठेवायची की गाळायची, फाइली झेडलिबने आवळायच्या की एलझेडएमएने, ॲडमिनचा अधिकार मागायचा की एकाच वापरकर्त्यापुरते बसवायचे. सोर्स कोडच्या एका अक्षराला हात न लावता, नुसते हे पर्याय फिरवून दहा वेगळे इन्स्टॉलर निघतात. ते दहाही कोडमध्ये आधीपासून होते का? कार्य कारणात आधीच असते की नाही, या रूपात हा वाद भारतीय दर्शनांत शतकानुशतके चालला आहे.

सांख्यांच्या मते ते असते. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतील नवव्या कारिकेत त्यासाठी पाच हेतू दिले आहेत. त्यांपैकी एक असा की कशातूनही काहीही निघत नाही. तेल तिळातून निघते, वाळूतून नाही. ज्या प्रोग्रामला मराठी भाषांतराची फाइलच नाही, त्याच्या इन्स्टॉलरमध्ये मराठीचा पर्याय कितीदा चालू केला तरी पडद्यावर मराठी उमटणार नाही. इथवर सांख्यांचे म्हणणे बिनतोड आहे.

न्यायदर्शन मानणारे नैयायिक मात्र विचारतात: पट म्हणजे कापड तंतूंत होताच, तर विणकर कशाला हवा? उत्पत्तीपूर्वी कार्याचा प्रागभाव, म्हणजे आधीचा अभाव, असतो आणि उत्पत्ती ही खरी सुरुवात असते, म्हणून त्यांच्या मताला आरंभवाद म्हणतात. पटाची कारणे ते तीन सांगतात. तंतू हे समवायी कारण, तंतूंचा संयोग हे असमवायी, आणि विणकर, माग वगैरे निमित्त. इन्स्टॉलरच्या बाबतीत ही विभागणी अधिक उपयोगी पडते. फाइली म्हणजे तंतू. पर्याय ठरवतात तो त्यांचा संयोग. ‘सॉलिड’ संकोचन निवडले की सगळ्या फाइली एकाच सलग ठोकळ्यात आवळल्या जातात. आकार बराच घटतो, पण शेवटची एक फाइल काढायची तरी तिच्या आधीचे सगळे उलगडावे लागते. सूत तेच, वीण बदलली.

अडचण येते ती निमित्त कारणापाशी. माग कापडात उतरत नाही. कापड विणून झाल्यावर माग मोडला तरी कापडाचे काही बिघडत नाही. इन्स्टॉलर बांधणाऱ्या साधनाचे तसे नाही. एनएसआयएस हे असे एक साधन आपलाच एक छोटा प्रोग्राम प्रत्येक इन्स्टॉलरच्या माथ्यावर बसवते. केन थॉम्पसन यांनी १९८४मध्ये छापलेल्या ट्युरिंग व्याख्यानात तर दाखवून दिले की बिघडवलेला कंपायलर सोर्स कोडमध्ये कुठेही नसलेली चोरवाट तयार प्रोग्राममध्ये घालू शकतो. तंतू कितीही तपासले तरी ती सापडत नाही, कारण ती मागातून आलेली असते. न्यायदर्शनाची ही सीमारेषा सॉफ्टवेअरमध्ये टिकत नाही.

वैशेषिक काळालाही निमित्त मानतात, उत्पन्न होणाऱ्या प्रत्येक वस्तूचे. बांधणीत हे शब्दशः घडते. तोच कोड, तेच पर्याय, तरी सकाळचा आणि संध्याकाळचा इन्स्टॉलर बाइटला बाइट जुळत नाही, कारण बांधणीची वेळ आत नोंदली जाते. डेबियन या लिनक्स प्रणालीत २०१३पासून हा फरक काढण्याचे काम सुरू झाले. त्यातून ‘सोर्स_डेट_इपॉक’ हे चल आले. कोणती वेळ नोंदायची, हे ते १ जानेवारी १९७०पासूनच्या सेकंदांत सांगते. काळ यात हद्दपार होत नाही, एका क्षणाला खिळवला जातो एवढेच.

मग दोन अनोळखी यंत्रांवर तोच इन्स्टॉलर निघतो, हा सांख्यांचा विजय म्हणायचा का? नाही. कारणसामग्री पूर्ण असली की कार्य होणारच, हे नैयायिकांनाही मान्य आहे. इथे सामग्रीची यादी प्रथमच नीट पूर्ण झाली, इतकेच. डिजिटल सही तेवढी या यादीत बसत नाही, कारण तिची गुप्त किल्ली सगळ्यांना देता येत नाही. म्हणून बिटकॉइन कोअर या प्रोग्रामच्या विंडोज इन्स्टॉलरची सही स्वतंत्र ठेवली जाते, आणि वेगवेगळ्या लोकांच्या बांधण्या जुळल्यानंतरच ती त्याला जोडतात.