तुळशीचा प्रसाद

श्रीविठ्ठलास तुळस प्रिय. म्हणूनच वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ आणि आषाढी वारीत स्त्रियांच्या मस्तकी तुळशीवृंदावन शोभते. ऐन पावसाळ्यात सर्दी-पडसे घरोघरी शिरते, तेव्हा अंगणातील हीच तुळस काढ्याच्या रूपाने घरातील माणसांना आधार देते. तुळशीची चार-पाच पाने, चिमूटभर सुंठ व दोन मिरे पाण्यात उकळून, गाळून, चवीपुरता गूळ घालून काढा कोमट घ्यावा. २०२० च्या साथीत केंद्रीय आयुष मंत्रालयानेही तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ व मनुका यांचा काढा दिवसातून एक-दोन वेळा घेण्यास सुचविले होते.

तथापि प्रसाद बेतानेच घ्यावयाचा असतो. गर्भवती स्त्रिया, तसेच मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी वैद्यांस विचारावे. ताप उतरेना, धाप लागली, तरी केवळ काढ्यावर विसंबणे ही श्रद्धा नव्हे. वैद्यही नारायणाचेच रूप मानले आहे. द्वादशीस व सूर्यास्तानंतर तुळस खुडू नये, ही रूढी संयमच शिकविते. तुळशीस नित्य पाणी घालावे, गरजेपुरतीच पाने घ्यावीत आणि आजाऱ्यास वेळीच उपचार मिळवून द्यावेत; ही तिन्ही भगवंताचीच सेवा होय.