हसणाऱ्याचा वाटा

मेलबर्नच्या ‘द फुटी शो’ या दूरदर्शन-कार्यक्रमात (१९९४–२०१९) ऑस्ट्रेलियन फुटबॉलची चर्चा चाले. १९९३ साली वर्णावरून शिव्या देणाऱ्या प्रेक्षकांपुढे मूलनिवासी खेळाडू निकी विनमार यांनी सदरा वर करून आपल्या कातडीकडे अभिमानाने बोट दाखविले होते. १९९९ साली हेच विनमार कार्यक्रमास आले नाहीत, तेव्हा सॅम न्यूमन यांनी तोंडास काळे फासून त्यांचे सोंग आणले.

सोंग आणणारा दोषी, हे उघडच आहे. पण असे सोंग पाहून हसणारा निर्दोष ठरतो काय? द्रौपदीच्या प्रश्नापुढे सभा निरुत्तर राहिली, तेव्हा अधर्म पाहून गप्प बसणाऱ्यासही पापाचा वाटा येतो, असे विदुराने बजाविले. हसणारा तर गप्पही नसतो. तो दाद देतो. निंदेला श्रोता लागतो, सोंगाला प्रेक्षक. म्हणून जिभेइतकाच हास्यालाही संयम हवा, असे आम्हांस वाटते.