घरातली जमात

प्रकाशा म्हटलं की तापी-गोमाईचा संगम आणि केदारेश्वराचं देऊळ. दक्षिण काशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावी लोक दिवसकार्याला, पर्वणीला येतात ते घरदार बरोबर घेऊन. पण याच शहादा-नंदुरबार पट्ट्यातल्या मुस्लिम घरांत नमाजाची वेळ झाली की कुटुंब पांगतं. अब्बा आणि मुलगा टोपी घालून मशिदीकडे निघतात. अम्मी हातातलं काम टाकून वुजू करते आणि आतल्या खोलीत एकटीच पढते; तिने सलाम फेरला की त्याच जानमाजवर मुलगी. बाप आणि मुलगी एका छपराखाली वीस वर्षं काढतात, पण एका नमाजात कधी उभे राहत नाहीत.

धर्मच असं सांगतो, ही समजूत पक्की आहे. तिला छेद देणारा पुरावा धर्माच्याच पोटात आहे. मागून तान्ह्या मुलाचं रडणं ऐकू आलं की पैगंबर साहेब आईचा जीव कासावीस होऊ नये म्हणून नमाज आटोपती घेत, असं हदीसमध्ये आलं आहे. म्हणजे ती आई सफेत, नमाजाच्या रांगेत, होतीच. इमाम चुकला तर पुरुषांनी ‘सुब्हानल्लाह’ म्हणायचं, बाईने हातावर हात मारून इशारा द्यायचा, हाही नियमच. बायका मागे उभ्याच राहणार नसत्या, तर हा नियम कुणासाठी केला असता?

पुढच्या काळातल्या हनफी पंथाच्या फकिहांनी, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी, फितन्याच्या (मोह-गोंधळाच्या) भीतीने बायकांचं मशिदीत जाणं नापसंत ठरवलं. आपल्याकडे बहुसंख्य हनफी, त्यामुळे मशिदीही तशाच बांधल्या गेल्या. २०१९ मध्ये पुण्याच्या एका मुस्लिम दांपत्याने बायकांना मशिदीत नमाज पढता यावी म्हणून सर्वोच्च न्यायालय गाठलं. बायकांना मशिदीत नमाजाला मनाई नाही, मात्र जमातीत, म्हणजे एकत्र नमाजात, येणं त्यांच्यावर बंधनकारकही नाही, असं ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने जानेवारी २०२० मध्ये प्रतिज्ञापत्रावर सांगितलं. कागदावर ठीक. पण प्रतिज्ञापत्राने गावच्या मशिदीत बायकांसाठी वुजूचा नळ बसत नाही.

मग कोरोनाची टाळेबंदी आली. २५ एप्रिल २०२० ला रमजान सुरू झाला तेव्हा मशिदींना कुलपं होती. तरावीहची नमाज घरात, पुढे ईदही घरात. खाट उभी करून भिंतीला टेकवायची, सतरंजी किब्ल्याकडे तिरपी अंथरायची. पुढे बाप, त्याच्या उजव्या बाजूला मुलगा, मागच्या सफेत आई, मुलगी, आजी खुर्चीवर. कितीतरी बापांना पहिल्यांदाच इमामत करावी लागली आणि आपल्याला कुराणातल्या चार-पाच छोट्या सूरांपलीकडे काही पाठ नाही, हे पोरांसमोर उघडं पडलं. मकतबात शिकलेल्या मुलीला बापापेक्षा जास्त येत होतं. मला तर त्या दिवसांतली ही सर्वांत चांगली गोष्ट वाटते. घरात हुकूम सोडणारा माणूस तिथे पोरांसारखाच कुणापुढे तरी झुकलेला दिसला.

१६ नोव्हेंबर २०२० ला राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली आणि बहुतेक घरांत खाट परत जागेवर आली.

घरात जमात सुरू झाली तर मशिदी ओस पडतील, ही शंका मोडीत काढण्यासारखी नाही. मशिदीतल्या जमातीचं महत्त्व मोठं आहे आणि मोहल्ला तिथेच एकमेकांना भेटतो. पण खरोखर पाचही वेळा मशीद गाठणारे किती? कुणी उसाच्या फडात असतो, कुणी मिरचीच्या गाडीवर, कुणी शहाद्याहून येणाऱ्या एसटीत. जमात हुकली की हे सगळे घरी येऊन कोपऱ्यात एकटे, घाईघाईने पढतात. पाच पावलांवर बायको नंतर एकटी पढणार असते. पुरुषाने बायकामुलांना मागे घेऊन घरात जमात केली तर हनफी मसलकातही ती चालते. मग एकट्याने पढण्यात कोणतं पुण्य?

पोरांना धरून आणून उभं करायचं, लांबलचक किरात (पठण) करून त्यांना कंटाळा आणायचा आणि त्याला संस्कार म्हणायचं, असं मात्र नको. तसल्या जमातीपेक्षा एकट्याची नमाज बरी.

मशिदीत बायकांसाठी जागा व्हायला वर्षं लागतील; कमिटी, निधी, मौलवींचं मत, सगळंच आडवं येईल. घरात कुणाची परवानगी लागत नाही. भावांनो, मशिदीतली जमात हुकेल त्या दिवशी जानमाज उचलण्याआधी आत एक हाक मारा.