भक्ताची लक्षणे, गुण १०

ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय परीक्षेला लावावा का, हा वाद मी अभ्यास मंडळात आणि पुढे विद्या परिषदेत अनेकदा ऐकला. अभ्यासक्रमांचे मसुदे करण्यातच माझी नोकरी गेली. कुणी म्हणे, सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठात धर्मग्रंथ कशाला? कुणी म्हणे, माउलींच्या ओव्यांवर गुण देणारे आपण कोण? मला दुसरी हरकत जास्त छळायची.

श्रेयांक पद्धत आली आणि ती आणखी बोचू लागली. २ श्रेयांक म्हणजे ३० तासिका, ५० गुण. शिवाय प्रत्येक घटकापुढे निष्पत्तीचा रकाना. हे शिकून विद्यार्थी काय करू शकेल? एका मसुद्यात आलं होतं, 'विद्यार्थ्याच्या मनात भक्तिभाव रुजेल.' लिहिणाऱ्या सरांच्या घरी पिढ्यानपिढ्या पारायण चालत आलेलं. त्यांची निष्ठा खरी होती, तरीही मी ते वाक्य काढायला लावलं. निष्पत्ती लिहिली की ती तपासावी लागते. भक्तिभाव तपासायचा तर परीक्षकाला मुलांच्या मनात शिरावं लागेल, आणि तो अधिकार कुठल्याही विद्यापीठाला असता कामा नये. त्याजागी आम्ही लिहिलं, 'निवडक ओव्यांचा अर्थ संदर्भासह सांगू शकेल.'

हे कोरडं वाटेल. पण याच अध्यायात भक्ताची समदृष्टी सांगताना ज्ञानदेव पाण्याचा दाखला देतात. गाईची तहान भागवावी आणि वाघाला विष होऊन मारावं, असं पाण्याला ठाऊकच नसतं. उत्तरपत्रिकेवर फक्त आसनक्रमांक असतो. लिहिणारी मुलगी माळकऱ्याच्या घरची, बौद्ध, मुसलमान की देवच न मानणारी, हे परीक्षकाला कळत नाही. ओवी तिला उमगली असेल तर तिला गुण मिळतात. विद्यापीठाच्या सगळ्या कारभारात समदृष्टीच्या इतकं जवळ जाणारं दुसरं काम मी पाहिलं नाही.

गुरुदेव रानडे नामाचे साधक होते, आणि अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, कुलगुरूही. संतांची वचनं त्यांनी निवडली, विषयवार लावली, १९३३ साली महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. नामाने त्यांचा अभ्यास सैल पडला नाही.

"मग अनुभवाचं काय?" त्या सरांनी विचारलं होतं. तो घरी येईल, देवळात येईल, आळंदीच्या वाटेवर येईल, कदाचित येणारही नाही. वारी चालणाऱ्याला श्रेयांक द्यावेत, असा ठराव कुणी मांडला तर माझं मत विरोधात आहे.