भरीत आणि शेवभाजी

थंडी पडली की जळगावात भरीत सेंटरांसमोर गर्दी वाढते. हिरवी, लांबट वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायची, लाकडी मुसळीने ठेचायची, त्यात हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी, नाहीतर पुरी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. काड्यांना मात्र कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते निम्मी चव त्यांच्याच धुराची! वेचणी संपल्यावर शेतात उरलेलं ते फुकटचं जळण.

धुळ्याकडे, मुंबई-आग्रा महामार्गावरच्या ढाब्यांवर, मान शेवभाजीचा. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा उकळत असतो; जाडसर शेव ताटात वाढताना पडते. आधी टाकली तर लगदा. मंडईत भाजी महागली तरी शेवभाजीचं काही अडत नाही, म्हणून ट्रकवाला आणि मोटारीतून उतरलेलं कुटुंब एकाच बाकावर तेच खाताना दिसतं. नवख्यांनी पहिला घास जरा बेतानेच घ्यावा. लिंबू आणि कांदा मागून घ्यायला लाजू नये.